मडक्यावर नाव कोणाचे?

मातीचे भांडे ही कलाकृती की केवळ वापराची वस्तू? आमच्या घरी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विरारला आजोबांचे चाक फिरे, आवा लागे आणि मडकी बाजारात जात. महाविद्यालयात आल्यावर मात्र तो माझ्यापुढे उभा राहिला.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात कलात्मक भांड्यांचे काम सुरू केले. पद्धत सिंधची होती : लाल भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर रंगीत नक्षी, वर पारदर्शक झिलई आणि मग भट्टी. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. तेथील आकृत्याही भांड्यांवर उतरल्या.

१८८० मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी येथे मरिया लाँगवर्थ निकोल्स यांनी ‘रुकवुड पॉटरी’ काढली. तेथील नक्षीकार भांड्यावर आपली खूण करीत. त्यामुळे १८८७ मध्ये तेथे आलेल्या कातारो शिरायामादानी या जपानी कलावंताचे काम आजही ओळखता येते.

आपल्याकडे टेरी, ग्रिफिथ्स ही नावे इतिहासात येतात; चाकावर बसलेल्या कुंभाराचे सहसा येत नाही. वस्तुतः भांड्याला घाट दिला तो त्याच्या बोटांनी. नक्षी काढणारा कलावंत आणि घडविणारा कारागीर, हा भेद मला पटत नाही.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात ही भांडी आहेत. मित्रांनो, दादरला गाडी बदलून एकदा अवश्य जा, आणि नक्षीआधी घाट पाहा.