स्पर्शपडदा आणि बटण: मासेमारी नौकेच्या नियंत्रणाविषयी अनुभवाचे बोल

यांत्रिक मासेमारी नौकेच्या केबिनमध्ये गेल्या दीड-दोन दशकांत जे बदल झाले, त्यांपैकी सर्वांत ठळक बदल म्हणजे पूर्वी स्वतंत्र असलेली अनेक उपकरणे एका काचेच्या पडद्यात एकवटली आणि तांडेलाच्या हाताला जेथे खटके, खुंट्या व दांडे लागत असत, तेथे सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग आला. जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये व्यवहारात वापरता येईल असा फिशफाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याची खोली व माशांचे थवे दाखवणारे यंत्र, बाजारात आणले. त्यानंतर अनेक दशके अशी उपकरणे गोल फिरवायच्या खुंट्यांवर आणि दाबायच्या बटणांवरच चालत होती. आज जीपीएस, फिशफाइंडर, रडार आणि सागरी नकाशा एकाच पडद्यावर बोटाच्या स्पर्शाने उघडतात, आणि काही नव्या नौकांवर दिवे, पंप व भोंगा यांचे नियंत्रणही त्याच पडद्याकडे सोपवले जाते. माहिती पाहण्यासाठी स्पर्शपडदा हे उत्तम साधन आहे. परंतु ज्या कामात काही क्षणांच्या विलंबाने माणसाचा हात, पाय किंवा जीव जाऊ शकतो, ते काम केवळ पडद्याच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे, हा प्रत्यक्ष समुद्रावरील अनुभवाने शिकवलेला निष्कर्ष प्रस्तुत लेखात मांडला आहे.

पाण्यात पडदा का चुकतो

हल्लीचे बहुतेक स्पर्शपडदे धारितेच्या तत्त्वावर चालतात. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाचा अतिशय पातळ, पारदर्शक थर असतो. मानवी शरीर स्वतः विद्युतवाहक असल्यामुळे बोट काचेजवळ येताच त्या जागेची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि हा बदल मोजून यंत्र बोटाची जागा ठरवते. हीच रचना समुद्रावर अडचणीची ठरते, कारण समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विद्युतवाहक असते, आणि काचेवर पडलेले त्याचे थेंब किंवा ओघळ यंत्राला बोटासारखेच भासू शकतात. त्यामुळे कधी कोणी हात न लावता पडद्यावरील चित्र बदलते, तर कधी काचभर ओल पसरल्यामुळे खऱ्या बोटाची जागाच यंत्राला कळेनाशी होते. उलटपक्षी, जाळे ओढताना घातलेले जाड रबरी हातमोजे विद्युतवाहक नसल्याने असा हात कितीही जोराने दाबला तरी पडदा त्याची दखल घेत नाही. ओल्या काचेवर काम करणारी आज्ञावली आणि हातमोज्यांसह वापरण्याची सोय उत्पादकांनी नव्या उपकरणांत दिली आहे, आणि त्यामुळे दोष पुष्कळ कमी झाला आहे. तथापि मुसळधार पाऊस आणि तुषार एकाच वेळी अंगावर येत असताना तो पूर्णपणे नाहीसा होतो, असे मानून चालता येत नाही.

पाण्याइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण नौकेच्या हालचालीत आहे. डोलणाऱ्या नौकेवर उभ्या असलेल्या माणसाचा अधांतरी लांबवलेला हात सतत हेलकावत असतो आणि बोटभर आकाराच्या चित्रावर नेमका टेकत नाही. दांडा किंवा मूठ असेल, तर हात आधी तिला पकडतो, पकडीमुळे स्थिर होतो आणि मगच तिला ढकलतो किंवा ओढतो. म्हणजे नियंत्रणाचे साधन हेच आधाराचेही साधन बनते. शिवाय खटका वर आहे की खाली, हे अंधारात बोटांना कळते आणि तो बसल्याचा टक् असा धक्का हाताला जाणवतो. पडद्यावर मात्र आज्ञा पोहोचली की नाही हे कळण्यासाठी डोळे पाण्यावरून, जाळ्यावरून किंवा समोरून येणाऱ्या नौकेवरून काढून काचेवर आणावे लागतात. अंधाराला पूर्णपणे सरावायला मानवी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि उजळ पडद्याकडे टाकलेली एक नजरही हा सराव मोडू शकते. म्हणून रात्रीच्या मासेमारीत ही गोष्ट विशेष गंभीर ठरते.

एका ट्रॉलरवरील अनुभव

प्रस्तुत विवेचनामागे कोकण किनाऱ्यावरील, नव्याने बांधलेल्या एका फायबरच्या ट्रॉलरवरचा अनुभव आहे. त्या नौकेवर दिवे, भोंगा आणि बिल्ज पंप, म्हणजे नौकेच्या तळात साचणारे पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप, ही सर्व साधने अंकीय विद्युत-नियंत्रणाने जोडलेली होती. या पद्धतीत प्रत्येक दिव्यासाठी केबिनपर्यंत वेगळी तार आणि वेगळा खटका नसतो. एका सामायिक केबलमधून संदेश जातात आणि दूर बसवलेली पेटी त्या संदेशानुसार वीजप्रवाह चालू किंवा बंद करते. तारांचे जंजाळ कमी होते, वजन वाचते आणि कोणत्या साधनात बिघाड आहे हे पडद्यावर दिसते, हे तिचे फायदे खरे आहेत. परंतु त्या नौकेवर या व्यवस्थेला समांतर असा एकही स्वतंत्र खटका ठेवलेला नव्हता.

पावसाळी बंदीनंतर हंगाम नुकताच सुरू झाला असताना, भर पावसात रात्री जाळे वर घेतले जात होते आणि केबिनच्या उघड्या खिडकीतून आलेल्या तुषारांनी पडदा भिजला होता. अशा वेळी पडद्यावरचे पान आपोआप बदलले आणि डेकवरचे सर्व दिवे एकदम विझले. दिव्यांचे पान पुन्हा उघडण्यासाठी तांडेल ओल्या बोटाने पडदा दाबत राहिला, पण प्रत्येक वेळी भलतेच पान उघडत होते. दरम्यान विंचवर, म्हणजे जाळ्याचे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, ताणलेला दोर येत होता आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या खलाशांना एकमेकांचे हातही दिसत नव्हते. कोणालाही इजा झाली नाही याचे कारण इतकेच की विंचचा दांडा यांत्रिक होता आणि विंचवरच्या खलाशाने काळोख होताच चाचपून तो ओढून यंत्र थांबवले. त्या फेरीनंतर मालकाने डेकवरचे दिवे, मार्गदिवे, भोंगा आणि बिल्ज पंप यांसाठी रबरी टोपी असलेले स्वतंत्र खटके बसवून घेतले. पडदा काढला नाही, परंतु केवळ त्याच्यावरच अवलंबून राहणे संपवले. संकट ज्यामुळे टळले तो यांत्रिक दांडा त्या नौकेवर जुन्या पद्धतीचा म्हणून राहून गेला होता, आणि अशी साधने योगायोगाने राहण्यापेक्षा जाणीवपूर्वक ठेवली गेली पाहिजेत, हाच या प्रसंगाचा बोध आहे.

मोठ्या नौकेचा मोठा धडा

हा प्रश्न लहान नौकांपुरता मर्यादित नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ 'जॉन एस. मॅकेन' या अमेरिकी युद्धनौकेची 'ॲल्निक एमसी' या तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि दहा नौसैनिकांचा मृत्यू झाला. इंजिनाच्या वेगाचे नियंत्रण स्पर्शपडद्याद्वारे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर द्यायचे असताना सुकाणूचे नियंत्रणही नकळत हलवले गेले. सुकाणू हातातून गेले असा समज झाला, आणि दोन्ही बाजूंच्या इंजिनांचे नियंत्रण एकत्र जोडलेले नसल्याने वेग कमी करताना आधी एकाच बाजूचे इंजिन मंदावून जहाज आणखी वळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात मुख्य ठपका देखरेखीवर, अपुऱ्या प्रशिक्षणावर आणि कार्यपद्धतींवर ठेवला, परंतु स्पर्शपडद्यांच्या रचनेमुळे चुकीची शक्यता वाढली होती, हेही त्यात नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने त्या वर्गातील युद्धनौकांवर वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचा निर्णय जाहीर केला. प्रशिक्षित माणसांची आणि निधीची वाण नसलेल्या नौदलाला जे परत आणावे लागले, ते सहा-सात खलाशांच्या ट्रॉलरवरून काढून टाकण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

रस्त्यावरील वाहनांच्या बाबतीतही विचाराची दिशा हीच आहे. मोटारींच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या 'युरो एनकॅप' या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या आपल्या गुणांकनात दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि संकटकालीन हाक या कार्यांसाठी स्पर्शपडद्याव्यतिरिक्त स्वतंत्र नियंत्रणाला महत्त्व दिले आहे.

कोणते काम कशावर असावे

या सर्वांतून निवडीची एक साधी कसोटी निघते. एखादे काम करायला दहा सेकंद अधिक लागले किंवा ते पहिल्या प्रयत्नात झाले नाही, तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक कामाबाबत विचारावा. नकाशा मोठा करणे, जाळे टाकण्याच्या जागेची खूण साठवणे किंवा फिशफाइंडरचे रंग बदलणे यांत उशीर झाला तर केवळ थोडा वेळ जातो. ही कामे पडद्यावर असण्यात काहीच हरकत नाही, उलट ती तेथेच अधिक सोयीची होतात. इंजिनाचा वेग, गिअर आणि इंजिन बंद करणे, सुकाणू, विंच थांबवणे, बिल्ज पंप, मार्गदिवे व डेकवरचे दिवे, आणि भोंगा या कामांत मात्र उशीर म्हणजे अपघात. त्यांच्यासाठी हाताला लागणारे, शक्यतो थेट तारेने जोडलेले आणि पडदा पूर्ण बंद पडला तरी चालणारे नियंत्रण असलेच पाहिजे. अंकीय विद्युत-नियंत्रण बसवायचे असेल, तर संदेशव्यवस्था बंद पडल्यावर प्रवाह हाताने चालू करण्याची सोय पेटीत आहे का, ती पेटी कोठे बसणार आणि तेथे रात्री हात पोहोचेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

संकटसंदेशाच्या साधनांमध्ये हे तत्त्व आधीपासून मान्य झालेले आहे. व्हीएचएफ वायरलेसवरील अंकीय संकटसंदेशाचे बटण स्वतंत्र, ठळक आणि झाकणाखाली असते. झाकण उचलणे व बटण दाबून धरणे अशा वेगवेगळ्या कृती कराव्या लागत असल्यामुळे ते चुकून दाबले जात नाही, आणि गरज पडली तर चाचपूनही सापडते. बोलण्यासाठी १६ क्रमांकाची वाहिनी एकाच बटणाने लागते का, हे वायरलेस घेताना पाहावे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानावर आधारित ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी व स्वीकारणारी उपकरणे, एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. अशा उपकरणाला मोबाइल जोडून संदेश वाचता येतात, ही मोठी सोय आहे. तरी मोबाइल भिजला किंवा त्याची बॅटरी संपली तर संकटाचा इशारा कसा द्यायचा, हे प्रत्येक खलाशाला हंगामापूर्वी उपकरण समोर ठेवून दाखवावे. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक केबिनमध्ये ठळक लिहिलेला असावा.

बटणांची निगा आणि सराव

बटणे आणि खटके दोषमुक्त असतात, असा याचा अर्थ नाही. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, स्प्रिंगा गंजतात आणि वर्षभर न हलवलेला खटका नेमक्या गरजेच्या वेळी अडकतो. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार, पाण्यापासून संरक्षण असलेले खटके आणि बंदिस्त जोड वापरावेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून लागणाऱ्या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असताना प्रत्येक खटका उघडून, पुसून व चालवून पाहावा. पडद्याचीही निगा हवी: मीठ वाळलेल्या काचेवर कोरडे फडके घासल्यास ओरखडे पडतात, त्यामुळे ती आधी गोड्या पाण्याने धुवावी, पाऊस येताच पडद्याचे स्पर्श-कुलूप लावण्याची सवय ठेवावी, आणि ज्या उपकरणात पडद्यासोबत खुंटी व बटणेही आहेत, अशा मिश्र उपकरणाला थोडे अधिक पैसे मोजूनही प्राधान्य द्यावे.

खटक्यांची मांडणी हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरताना चाकांच्या आणि पंखांवरील झडपांच्या खटक्यांत गल्लत करून अपघात घडवत होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स शापानिस यांनी दोन्ही एकसारखे व शेजारी असल्याचे दाखवून चाकाच्या खटक्याला चाकाच्या आणि झडपेच्या खटक्याला पाचरीच्या आकाराची मूठ सुचवली. नौकेवरही बिल्ज पंपाचा खटका दिव्यांच्या खटक्यांपासून वेगळ्या आकाराचा आणि थोडा दूर असावा, आणि प्रत्येकावर मराठीत, न पुसले जाणारे नाव असावे. विक्रेत्याच्या कोरड्या, थंड दुकानात पडदा नेहमीच सुरेख चालतो. म्हणून खरेदीपूर्वी बाटलीभर समुद्राचे पाणी सोबत न्यावे, काच भिजवावी आणि रोजच्या कामाचे हातमोजे घालून तो चालवून पाहावा.

नौकामालकांना आणि तांडेलांना आग्रहाची विनंती अशी की नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी, नौका बंदरात बांधलेली असताना, एका रात्री केबिनमधील पडदा आणि दिवे पूर्ण बंद करावेत, आणि इंजिन बंद करण्याचे साधन, बिल्ज पंप, डेकवरचे दिवे, भोंगा व वायरलेसचे संकट-बटण प्रत्येक खलाशाने अंधारात हाताने शोधून दाखवावे. ज्या साधनापर्यंत कोणाचाही हात पोहोचणार नाही, त्यासाठी वेगळा खटका बसवूनच नौका समुद्रात न्यावी.