प्रतिपक्षाची चाल

बुद्धिबळाच्या पटावर नवशिका खेळाडू केवळ आपल्याच मोहऱ्यांकडे पाहतो. निष्णात खेळाडू मात्र प्रत्येक चालीपूर्वी ‘यावर समोरचा काय करील?’ असा विचार करतो. व्यापारातही या प्रश्नाचा विसर पडला, तर जिंकलेला डाव हातचा जातो. हेन्री फोर्ड या अमेरिकन कारखानदाराची हकीकत या दृष्टीने मोठी उद्‌बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही श्रीमंतांची चैनीची वस्तू होती. सामान्य शेतकऱ्यालाही परवडेल अशी मोटार काढावयाची, असा फोर्डने निश्चय केला. इ. स. १९०८ मध्ये त्याने ‘मॉडेल टी’ ही साधी, बळकट गाडी बाजारात आणली. तिची किंमत ८५० डॉलर होती. पुढे १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात एक अभिनव पद्धत सुरू झाली. कामगाराने गाडीकडे जावयाचे नाही. गाडीच सरकत त्याच्यापुढे यावयाची आणि प्रत्येकाने ठरलेले एकच काम करावयाचे! गाडीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी साडेबारा तास लागत; ते काम आता ९३ मिनिटांत होऊ लागले. खर्च घटला तशी किंमत उतरली आणि किंमत उतरली तशी गिऱ्हाइके वाढली. १९२५ मध्ये ही गाडी ३०० डॉलरांच्या आत मिळू लागली. या स्वस्ताईपुढे कोणाचा टिकाव लागणार?

१९२३ मध्ये ‘जनरल मोटर्स’ कंपनीची सूत्रे आल्फ्रेड स्लोन यांच्या हाती आली. स्वस्ताईत फोर्डशी झुंजणे व्यर्थ आहे, हे त्यांनी ओळखले. जेथे प्रतिपक्ष प्रबळ, तेथे त्यांनी सामना टाळला. फोर्डची गाडी अनेक वर्षे फक्त काळ्या रंगात मिळत असे. स्लोन यांनी नाना रंगांच्या, निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांना साजेशा गाड्या काढल्या. हप्त्याने पैसे देण्याचीही सोय होती. त्यांच्या ‘शेव्हरोले’ गाडीच्या कामाची धुरा वाहणारे विल्यम नडसेन पूर्वी फोर्डच्याच कारखान्यात तयार झालेले होते.

फोर्डला सावध करणारे कोणी नव्हते असे नाही. १९२६ च्या आरंभी अर्नेस्ट कान्झलर या त्याच्याच अधिकाऱ्याने ‘आता नवी गाडी काढली पाहिजे’ असे लेखी कळविले. फोर्डला ते रुचले नाही. काही महिन्यांतच कान्झलर यांना कंपनी सोडावी लागली.

गिऱ्हाइके मात्र सुंदर आणि सुखसोयींच्या गाड्यांकडे वळतच राहिली. अखेर १९२७ मध्ये, दीड कोटी गाड्या निघाल्यावर, फोर्डला ‘मॉडेल टी’ बंद करावी लागली. नव्या गाडीची तयारी आधी झालेली नव्हती. त्यामुळे उत्पादन कित्येक महिने थांबले. मालकाच्या हट्टाची झळ हजारो कामगारांच्या चुलीला लागली. डिसेंबरात ‘मॉडेल ए’ ही नवी गाडी आली व लोकांना आवडलीही. परंतु पहिले स्थान फोर्डला फार काळ राखता आले नाही.

फोर्डची पहिली चाल चुकीची नव्हती. ती अप्रतिम होती. पण पटावरील मोहरी हलली, तरी तो तीच चाल खेळत राहिला. यश मिळाल्यावरही जो प्रतिपक्षाकडे डोळे उघडे ठेवून पाहतो आणि हितचिंतकाचा कटू शब्द ऐकून घेतो, तोच खरा खेळाडू होय.

स्वाध्याय

१. फोर्डने मोटारीची किंमत कशी कमी केली?
२. स्लोन यांनी स्वस्ताईत सामना का टाळला?
३. ‘झळ लागणे’, ‘टिकाव लागणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.