लाकूड, लोखंड आणि गंजणारा बोल्ट

ट्रेलरच्या फळ्या बदलताना जुना बोल्ट ठोकून काढला की एक गोष्ट हमखास दिसते. माथा शाबूत, नट शाबूत, पण फळीच्या आतली दांडी झिजून निम्मी झालेली! लाकूड ओल धरून ठेवते. बाभळीसारख्या लाकडात तुरट द्रव्यही असते. लोखंडाशी गाठ पडली की भोकाभोवती काळा डाग उमटतो. असा डाग दिसला की बोल्ट काढून पाहावा. भरला ट्रेलर रस्त्यावर असताना फळी सुटली, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे तर गंजाचा जोर फार. खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात डोंबिवलीला रासायनिक कारखाने. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथल्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. लाकूड, लोखंड आणि खारे पाणी यांचे भांडण तिथे तेव्हापासूनचे! आपल्यापैकी कित्येकांची मुले तिकडे नोकरीला आहेत. गॅलरीतला झोपाळा किंवा गच्चीवरची शेड उभारताना देशावरचा बोल्ट तिथे चालेल असे धरू नये.

दुकानात चकचकीत बोल्ट मिळतो, त्यावरचा जस्ताचा मुलामा साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) घरात ठीक, उघड्यावर पैसे पाण्यात. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला बोल्ट दिसायला मळकट, खरबरीत. पण त्यावर जस्ताचा थर ४०-५० मायक्रॉनपर्यंत असतो. ट्रेलरच्या फळ्यांना आम्ही तोच सुचवू. त्याचा नट थोड्या मोठ्या आट्याचा लागतो, म्हणून जोडीनेच घ्यावा.

स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार. माथ्यावर अनुक्रमे ए२ आणि ए४ अशी खूण असते. खाडीकाठी ३०४ वरही तांबूस डाग धरतात; ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने तो खाऱ्या हवेत टिकतो, किंमत मात्र जास्त. लोहचुंबक लावून पारख करू नये, अस्सल स्टेनलेस बोल्टही थोडा ओढला जातो. आटे घट्ट चिकटून बसतात, तेव्हा कसताना ग्रीस लावावे. आणि ट्रेलरच्या जोडणीचा किंवा चाकाचा ८.८ खुणेचा बोल्ट काढून तिथे साधा स्टेनलेस घालू नये; तो गंजणार नाही, पण ताकदीला कमी पडेल.

पितळी किंवा स्टेनलेस पट्टीत साधा लोखंडी बोल्ट घातला तर ओलीत तो झपाट्याने खाल्ला जातो. लहान बोल्ट आणि मोठी पट्टी, सगळा मार बोल्टावर! वायसरही बोल्टाच्याच जातीचा हवा, लाकडाच्या बाजूला रुंद. भोक पाडल्यावर आतून रंगाचा हात द्यावा, सुतार हे हटकून विसरतो.

गळीत हंगामाआधी ट्रेलरच्या चारी कोपऱ्यांचा एकेक बोल्ट काढून त्याची दांडी पाहून घ्यावी.