कुलानचा कुत्रा

आपल्याकडे कोणाला कुत्रा म्हटले, की भांडणच सुरू व्हायचे! प्राचीन आयर्लंडमध्ये मात्र हा शब्द योद्धे आपल्या नावात मानाने मिरवीत. तेथील केल्टिक भाषेत शिकारी कुत्र्याला ‘कू’ म्हणत. आयर्लंडच्या पुराणकथांतील सर्वांत थोर वीराला हे नाव लहानपणीच मिळाले.

अल्स्टरचा राजा कॉन्खोबार एकदा कुलान नावाच्या लोहाराकडे मेजवानीला निघाला. वाटेत त्याचा भाचा सेतांता सवंगड्यांसह चेंडू खेळत होता. “खेळ संपला, की मी मागून येतो,” असे तो म्हणाला. मेजवानीच्या गडबडीत राजा हे विसरून गेला. सर्व पाहुणे आले असे समजून कुलानने आपला कुत्रा मोकळा सोडला. थोड्याच वेळात सेतांता आला, तो कुत्रा त्याच्यावर झेपावला. मुलाजवळ खेळातली काठी आणि चेंडू यांखेरीज काही नव्हते. तरीही त्याने कुत्र्याला ठार केले.

मुलगा वाचला म्हणून सर्वांना आनंद झाला. कुलान मात्र खिन्न होऊन उभा राहिला. त्याच्या घरादाराची आणि गुरांची राखण तोच मुका जीव करीत असे. तेव्हा सेतांता म्हणाला, “याच जातीचे पिल्लू मी वाढवीन. ते मोठे होईपर्यंत तुमच्या दारी मीच राखण करीन.”

हे ऐकून कॅथबाड या पुरोहिताने त्याचे नाव ‘कू खुलिन’, म्हणजे कुलानचा कुत्रा, असे ठेवले. मुलाला आपले जुने नावच आवडत होते. पण हे नाव सर्वांच्या तोंडी होईल, असे कॅथबाडने सांगताच तो राजी झाला. त्याने कुत्र्याचे मांस खाणे निषिद्ध होते. पुढे कपटाने त्याला ते खाऊ घातले गेले, तेव्हा त्याचे बळ ओसरले.

इंग्लंडमधील लिडनी येथे कुत्र्याचा संबंध रोगमुक्तीशी दिसतो. तेथे नोडेन्स देवाच्या मंदिरात कुत्र्यांच्या लहान मूर्ती सापडल्या. कुत्रा आपली जखम चाटतो, त्यावरून ही कल्पना निघाली असावी. या स्थळाचे उत्खनन १९२८-२९ मध्ये करणारे मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले.

आयर्लंडच्या सोनारांनीही दागिन्यांवर प्राणी कोरले. १८५० मध्ये समुद्रकिनाऱ्याजवळ सापडलेली ‘तारा’ पिन सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची आहे. (हे नाव तिला एका जवाहिऱ्याने दिले.) तिच्यावरचे प्राणी वेलीसारखे एकमेकांत गुंतलेले आहेत. काहींची लांब मुस्कटे पाहून शिकारी कुत्रा आठवतो, तर काहींचे अंग सापासारखे वळते. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती पाहणारे लोक काचेजवळ वाकतात आणि कोणते शेपूट कोणाचे, याचा शोध घेऊ लागतात.