वॉल्ट्झचे वळण



आपल्या उपनगरांतील लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नवरा-नवरी पुष्कळदा वॉल्ट्झ नाचतात. सरळ पावले जमतात. वळण आले की पायावर पाय पडतो, असे आम्ही नेहमी पाहतो. वॉल्ट्झ हे नावच गोल फिरणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे. म्हणून आज आपण उजवे वळण समजून घेऊ.

ताल तीनचा. ‘एक’ला नवरा उजवा पाय पुढे टाकतो, ‘दोन’ला डावा बाजूला नेतो, ‘तीन’ला उजवा त्याच्याशी जुळवतो. पुढील तीनमध्ये डावा मागे, उजवा बाजूला, डावा जुळवायचा. नवरी आधी डावा पाय मागे घेते, पुढील तीनमध्ये उजवा पुढे टाकते. जुळवलेल्या पायावर वजन घेतले नाही, तर पुढचे पाऊल चुकीच्या पायाने पडते. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

जो पुढे जातो तो वळणाच्या बाहेरच्या बाजूस असतो. त्याने लांब पाऊल टाकावे. जो मागे जातो तो आत असतो. त्याने पाऊल आखूड ठेवून जोडीदाराला वाट द्यावी. पुढील तीनमध्ये कामे बदलतात. म्हणून नवऱ्याने नवरीला हाताने ओढून फिरवू नये.

तीन पावलांत अर्ध्या फेरीहून थोडे कमी वळले तरी पुरे. लग्न ठरलेल्या जोडप्यांनी आधी गाण्याशिवाय, तोंडाने मोजत सराव करावा. घरातील आजी-आजोबा नाचलेले असतील, तर त्यांना समोर बसवावे; चूक ते लगेच दाखवतील.