विहिरीची नोंद शेजाऱ्यालाही द्या

मे महिना आला की देवबाग, तारकर्लीकडचे रुग्ण मला हमखास विचारतात, “डॉक्टर, बावीचे पाणी मचूळ लागते. उकळून प्यायले तर चालेल ना?” उकळण्याने जंतू मरतात, पण मीठ जात नाही. उलट पाणी आटल्याने खारटपणा किंचित वाढतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी असे पाणी रोज पिऊ नये.

पाणी मचूळ का होते? किनाऱ्यावर जमिनीखालचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेबाने, गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली की कालांतराने खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकते. त्यामुळे शेजाऱ्याने पंपाने जादा उपसा केला तरी आपली विहीर बिघडते. भूजलाला गडगा कळत नाही, तशी देशाची हद्दही कळत नाही.

बंगालचे उदाहरण पाहा. कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे होणारे त्वचाविकार कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली ओळखले. सीमेपलीकडे, त्याच गाळाच्या प्रदेशातील बांगलादेशात, पाण्यात आर्सेनिक असल्याचे सरकारी तपासणीत आढळले ते १९९३ मध्ये. मधली दहा वर्षे तेथील लोक तेच पाणी पीत होते. म्हणूनच पाण्याच्या नोंदी देशादेशांत खुल्या असाव्यात, असे मला वाटते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील आंतरराष्ट्रीय भूजल केंद्र अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून सर्वांना खुल्या करते.

आपल्याकडे केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरी मोजतात. प्रत्येक वाडीत त्यांची विहीर असणे शक्य नाही. तेव्हा आपण एवढे करावे :

१) जानेवारी ते मे, दर पंधरवड्याला, सकाळी उपशापूर्वी विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजून तारखेसह वहीत लिहावे.

२) पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड योग्य. दुसरे पाणी नसेल तर १००० ही कमाल मर्यादा.

३) आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. गोव्याच्या हद्दीलगतच्या गावांनी ते पलीकडेही कळवावेत.

पर्यटक फिरकणार नाहीत या भीतीने वाईट आकडा झाकू नये. आज आपण झाकलेला आकडा उद्या शेजारच्या घरातील आजारी माणसाला महागात पडतो.