केमोची गोळी आणि सोशिक माणूस

कर्करोगावरील रसायनोपचार म्हटला की शिरेत टोचलेली सुई, उशाशी टांगलेली सलाइनची बाटली आणि घटकेघटकेला येऊन नाडी पाहणारी परिचारिका असे चित्र आपल्या मनात उभे राहते. परंतु हल्ली तोच उपचार कित्येकांना गोळीच्या रूपाने दिला जातो, आणि औषधांची पिशवी घेऊन रुग्ण एसटीने आपल्या गावी परततो तेव्हा ती परिचारिका काही त्याच्याबरोबर येत नाही. तिचे काम त्या दिवसापासून घरच्या माणसांच्या अंगावर पडते. सोलापूरच्या नवी पेठेतील आमच्या घरी थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, आजारपणात हे मी फार जवळून पाहिले, आणि ज्यांच्या घरी अशी पिशवी नुकतीच आली असेल त्यांच्यासाठी हा मजकूर लिहीत आहे.

अक्काच्या मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तिला कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सुरू झाल्या. शिरेतून दिले जाणारे फ्लुरोयुरॅसिल हे जुने, जालीम औषध या गोळीपासून शरीरातच तयार होते. सबब ती तापाच्या गोळीसारखी दिसत असली तरी तिचा धाक बाटलीतल्या औषधाइतकाच बाळगला पाहिजे. रुग्णाची उंची, वजन आणि मूत्रपिंडांची शक्ती पाहून मात्रा ठरते. सामान्यतः १४ दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि ७ दिवस विश्रांती असा क्रम असतो, आणि ५०० व १५० मिलिग्रॅम अशा दोन प्रकारच्या गोळ्या मिळून एक मात्रा भरत असल्याने पट्टीवरचा आकडा दर वेळी वाचूनच गोळी काढावी. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, न तोडता आणि न कुटता ती घ्यायची असते. म्हणून एकादशी करणाऱ्या माणसाने उपवासाच्या दिवशी काय करावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले पाहिजे.

अक्काने वेळा कसोशीने पाळल्या. त्यात तिची तिळमात्र कसूर नव्हती. संकट आले ते तिच्या सोशिकपणातून. दुसऱ्या आवर्तनात तिचे तळहात लाल झाले, पेरांशी साल सुटू लागली, आणि आधणाच्या पाण्यात मळलेले ज्वारीचे पीठ थापताना ती पूर्ण तळव्याऐवजी नुसती बोटांची टोके टेकवू लागली. तव्यावरची भाकरी उचलायला पदराचे टोक घेऊ लागली. विचारले तर म्हणे, ‘विस्तवापाशी बसणाऱ्या बाईचे हात असेच असायचे.’ पुढे रात्री-अपरात्री जुलाब होऊ लागले, तेही तिने कोणाला कळू दिले नाहीत, कारण औषध अर्धवट टाकू नये ही लहानपणापासूनची शिकवण. आणि त्रास होतो आहे त्या अर्थी औषध लागू पडत आहे अशी तिची दृढ समजूत. अखेर एका पहाटे न्हाणीच्या दाराशी ती कोसळली तेव्हा घराला सारे कळले. रुग्णालयात गोळ्या तत्काळ थांबवण्यात आल्या, सलाइन लावले गेले, आणि प्रकृती सावरल्यावर कमी मात्रेने उपचार पुन्हा सुरू झाला.

गोळी थांबवणे म्हणजे उपचार सोडणे, हा आपल्या समाजातला अत्यंत घातक गैरसमज आहे. त्रास वाढताच डॉक्टर मात्रा थांबवतात, कमी करतात, आणि राहून गेलेल्या गोळ्या मागाहून भरून काढत नाहीत. हे त्या औषधाच्या रीतीतच बसते. विसरलेल्या वेळेच्या गोळ्याही पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायच्या नसतात. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त शौचास होऊ लागले अथवा रात्री जुलाब सुरू झाले, हातापायांची वेदना रोजच्या कामाच्या आड येऊ लागली, तोंडातल्या फोडांमुळे घास गिळेना, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अंगात १००.४ फॅरनहाइट ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. क्वचित एखाद्याच्या शरीरात हे औषध मोडणारे विकर जन्मतःच अपुरे असते आणि त्याला पहिल्याच आवर्तनात जिवावरचा त्रास होतो, म्हणून सुरुवातीचे दिवस विशेष जपावे.

हातापायांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले मलम नेमाने लावावे, उष्णता आणि घर्षण टाळावे. चैत्र-वैशाखात सिद्धेश्वराच्या दर्शनाला अनवाणी तापल्या फरशीवरून जाणे अक्काला डॉक्टरांनी मना केले, आणि भाकरी थापण्याचे काम सुनेकडे गेले. हे दुसरे तिला अधिक जड गेले. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी तोंड बरे होईपर्यंत बाजूला ठेवून मऊ भात-वरण द्यावे.

आप्तेष्टांच्या प्रेमाचाही बंदोबस्त करावा लागतो. रक्त वाढावे म्हणून कोणी आणून दिलेल्या गोळ्यांत बहुधा फॉलिक आम्ल असते, आणि ते या औषधाचा विषारीपणा वाढवते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा फिटांवरचे फेनिटॉइन चालू असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे. या गोळ्या दुसऱ्याने उघड्या हातांनी हाताळू नयेत, गरोदर बाईने तर मुळीच नाही. आणि उरलेल्या गोळ्या मोरीत न टाकता रुग्णालयाला परत कराव्यात.

आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून माणसांशी बोलावे लागले, कारण दुखणे अंगावर काढणारा माणूस आपण होऊन दप्तरात येत नाही. घरातही तोच मार्ग आहे. ‘बरे आहे ना?’ असे विचारले तर सोशिक माणूस होच म्हणतो; म्हणून शौचास किती वेळा झाले, हात दाखव, घास गिळवतो का, असे नेमके विचारून रोज तारखेसह वहीत टिपावे. आणि रात्री-अपरात्री फोन कोणत्या क्रमांकावर करायचा, हे गोळ्यांची पहिली पट्टी घेऊन रुग्णालयाबाहेर पडण्यापूर्वीच विचारून त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.